खानेसुमारीत शेती सांगितली

१९६१ ची खानेसुमारी झाली आणि त्यानंतर आमच्या गावची नगर समिती मोडून ग्रामपंचायत आली. जकात नाका बंद झाला. नाक्यावरचे कारकून माझे अब्बा होते. त्यांची नोकरी गेली.

गाव येरमाळ्यापासून फार लांब नव्हतं. आठवडी बाजार मोठा, मागवाल्या मोमिनांची आळी, शिंपी, अत्तार, तांबट, आडतीची दुकानं. निजामाच्या अमलातही ते कसबा म्हणून ओळखलं जाई. शहर म्हणावं एवढी वस्ती होती. पण या खानेसुमारीत नियम कडक झाला होता. गाव शहरात धरायला आणि नगर समिती टिकायला नुसती माणसं पुरत नव्हती. कमावत्या पुरुषांपैकी चारांतले तीन शेतीबाहेरच्या कामावर जगणारे हवे होते. गावात हे फार थोड्यांना माहीत होतं.

आमच्या भागात माणसाला धंदा विचारला की तो आधी शेती सांगतो. घरात माग दिवसभर खटखटत असेल आणि शेत म्हणजे बटईनं दिलेला माळाचा तुकडा असेल, तरी शेतीच. कपडे शिवतो म्हणणं कमीपणाचं वाटे. त्यात त्या हिवाळ्यात आवई उठली की खानेसुमारीत ज्याची शेती लागेल त्याचं नाव कूळ म्हणून लागेल आणि पुढं जमीन मिळेल.

आवई धान्याच्या एका आडत्यानं उठवली होती. तो नगर समितीचा सभासद आणि अब्बांचा बालमित्र. दोघे एकाच उर्दू शाळेत शिकले. पोलीस कारवाईच्या दिवसांत आमच्या आळीत जाळपोळीची भीती होती, तेव्हा तो काठी घेऊन आमच्या दारात बसला होता. त्यानंतर त्याचा शब्द आमच्या घरात कुणी पारखून घेतला नाही.

खानेसुमारीच्या आधी तो आमच्या ओट्यावर आला.

"भाई, मोमिनांच्या आळीत माझं कोण ऐकतंय? तू सांग. समद्यांनी शेतीच सांगा म्हणावं."

"अरे, माग चालतो त्यांचा. शेती कशी सांगतील?"

"सांगायला जकात पडती व्हय? आन् तू बी शेतीच सांग. इनामाची पट्टी हाय न्हवं तुझी?"

"मी खुर्चीवर बसणारा माणूस!"

"म्हातारपणी खुर्ची पेरून खाशील का?"

दोघेही हसले. अम्मीनं आतून चहा पाठवला.

अब्बा आळीत घरोघर गेले. नाक्यावर त्यांनी कधी कुणाचा पैसा खाल्ला नव्हता, म्हणून लोकांनी त्यांचं ऐकलं. मागवाल्यांनी शेती सांगितली, शिंप्यांनी सांगितली, अब्बांनीही सांगितली.

पंचायतीचा हुकूम आला तेव्हा मी सुट्टीत घरी होतो. हुकमाच्या कारणांत गावचे बहुतेक पुरुष शेतकरी असल्याचं म्हटलं होतं. गणतीला फिरलेले मास्तर संध्याकाळी अब्बांना भेटायला आले.

"मुन्शीजी, तालुक्याला आमची तालीम झाली, तेव्हा हा नियम वाचून दाखवला होता," ते म्हणाले. "समितीच्या सभासदांनाही बोलावलं होतं. तुमचे दोस्त माझ्या शेजारीच होते. दोनदा विचारून घेतलं त्यांनी."

"मग तुम्ही आम्हाला का सांगितलं नाहीत?"

"सांगतील ते लिहायचं, एवढाच आम्हाला हुकूम. आणि मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. घरोघर तुम्हीच तर फिरत होतात."

दुसऱ्या दिवशी अब्बा आडतीवर गेले. मी सोबत होतो. आडत्यानं हमालांना बाहेर पाठवलं.

"तुला ठाऊक होतं?" अब्बांनी विचारलं.

तो नाही म्हणाला नाही. "एवढी वर्सं झाली. नाक्यावरनं माझी एक गाडी तरी बिनपावतीची सोडलीस का?"

"तू कधी मागितलं नाहीस."

"दारात काठी घिऊन बसलो, तवा तू मागितलं हुतं का?"

अब्बा उठले. परतताना ते मोमिनांच्या आळीतून आले नाहीत. वेशीबाहेरून वळसा घालून आले.

खानेसुमारीतल्या नोंदीवरून कुणालाही जमीन मिळाली नाही. तालुक्याच्या कचेरीत चौकशीला गेलेल्या मागवाल्यांना तसा कायदाच नसल्याचं सांगण्यात आलं. धान्याच्या गाड्या नाक्यावर न थांबता बाजारात जाऊ लागल्या. पंचायतीच्या पहिल्या निवडणुकीत आडत्या बिनविरोध निवडून आला आणि सरपंच झाला.

अब्बांना तेरखेड्याला शोभेची दारू बनवणाऱ्या एका कारखान्यात हजेरी लिहायचं काम मिळालं. दिवाळीनंतर आम्ही सगळे तिकडं राहायला निघालो. मोटार सुटायच्या आधी सरपंच स्टँडवर आला आणि आमची ट्रंक टपावर चढवायला वाकला. अब्बांनी ट्रंक त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः चढवली.