मी धुळ्याला गेलोच नव्हतो

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या गल्लीतल्या चिंचेखाली लोकांना काय काय दिसायचं. मला फक्त चिंचा दिसायच्या. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतो. त्यातून, या प्रकरणात जे दिसलं ते दुसरं कोणी नाही – मीच होतो...

नव्वदच्या आसपासची गोष्ट. यावलजवळच्या गावातले माझे मामा वारले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मामी आधीच गेलेली. मूलबाळ नव्हतं म्हणून त्यांनी बोदवडच्या नात्यातल्या सुधाकरला लहानपणीच रीतसर दत्तक घेतलं होतं. पुढे त्याने केळीबाग सोडून धुळ्यात नोकरी धरली, तेव्हा नाना भर ओट्यावर म्हणाले, "आजपासून तू माझा कोनी नाही." सुधाकर उठला तो गेलाच. दहा वर्षं अबोला.

नानांना अग्नी दिला पुतण्याने, वसंताने. "सुधाकरले कळवलं होतं, आला नाही," म्हणाला. मग आली गंधमुक्ती, सुतक फिटायचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी सोयरे कर्त्या मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवतात. टोपी ज्याची, घर-बाग त्याची, असं गाव धरून चालतं.

जळगावात आमच्या शेजारी एक वकील होते. त्यांना विचारलं. "दत्तक एकदा घेतला की मोडता येत नाही. मृत्युपत्र नाही ना? मग अबोला असो की भांडण, मुलगा तो मुलगाच."

पण सुधाकर बोलावल्याशिवाय उंबरा चढणारा नव्हता, आणि टोपी एकदा वसंताच्या डोक्यावर बसली की कोर्टात जाणाराही नव्हता. म्हणून ठरवलं – गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी धुळ्याला जायचं आणि त्याला घेऊन यायचं. शूर निर्णय! पण निघायच्या आदल्या रात्री मी भरीत इतकं हाणलं, की सकाळी एसटी स्टँडऐवजी दवाखान्यात पोचलो. दिवसभर सलाईन. शेजारी बसून बायको ऐकवत होती, "वांगी दुसऱ्याच्या मळ्यातली होती, पोट तर आपलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी दोघं गंधमुक्तीला गेलो, मी लटपटतच. वसंता पाटावर बसलेला, टोपी ताटात... आणि मांडवाच्या तोंडाशी सुधाकर, बायकोसह!

"याले कोनी बलावलं?" वसंता उसळला.

सुधाकरने सरळ माझ्याकडे बोट केलं. "भाऊंनी. काल दुपारी घरी आले होते. नाना गेले हेही त्यांच्याकडूनच कळलं मला."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मला काही सुधरेना. पण नाही म्हटलं असतं तर तो त्याच पावली परत फिरला असता.

"हो," मी म्हणालो. "मीच बोलावलं."

बायको माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू सलाईन डोक्यात गेलंय.

वकिलांचं म्हणणंही मी तिथेच सांगून टाकलं. बरीच वादावादी झाली. शेवटी सोयऱ्यांतले एक आबा म्हणाले, "याले नानाच्या मांडीवर बसवलं तव्हा लाडू आमीच खाल्ले. आता नाही कसं म्हनू?" वसंता पाटावरून उठला. टोपी सुधाकरच्या डोक्यावर गेली.

जेवणं झाल्यावर सुधाकरला आणि त्याच्या बायकोला विहिरीपाशी गाठलं. "खरं सांग, काल कोण आलं होतं?"

"असं काय करता भाऊ? तुम्हीच की."

त्याची बायको हसली. "चहासुद्धा डाव्या हातानेच प्यालात. उजवा हात खिशातून काढलाच नाही. मी म्हटलं, लागलंय की काय..."

सुधाकरने चमकून माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिने नानांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेली होती. चारचौघांत तो हात कायम खिशात.

"भाऊ... तुम्ही खरंच आला नव्हता?"

"दवाखान्यात होतो रे. सलाईनवर."

"मग निघताना दारात, 'माझं चुकलं रे, घरी चल,' असं कोण म्हणालं?"

त्याने टोपी काढली, दोन्ही हातांत धरून बघत राहिला आणि पुन्हा नीट डोक्यावर ठेवली.

माझी बायको शपथेवर सांगते, मी दिवसभर दवाखान्यातल्या कॉटवर होतो. सुधाकरची बायको शपथेवर सांगते, मी त्यांच्याकडे खुर्चीत होतो. दोघीही खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. तेव्हा मी त्या दुपारी नक्की कुठे होतो, हे निदान मला तरी विचारू नका...