मेण लावलेला तळ

नांदुऱ्यात आमचं फायबरचं दुकान आहे. उन्हाळ्यात कूलरच्या बॉड्या, एरवी पाण्याच्या टाक्या. मी आणि माझा मोठा भाऊ, दोघंच. दादाच्या हातात कसब होतं, पण गिऱ्हाइकासमोर माझ्या चुका काढायची त्याला भारी खोड. एकदा मी चालू ग्राइंडर त्याच्या तोंडासमोर धरला. म्हणालो, "आता कामाच्या मधात बोलला तं दुकानात पाय ठेवू नको." माझा राग वाईट, हे त्याला ठाऊक होतं. दुकानाशिवाय त्याला दुसरा आसराही नव्हता. तेव्हापासून त्यानं तोंडाला कुलूप लावलं.

पुढच्याच आठवड्यात धरणावरून एक जेट स्की आली, पाण्यावर पळणारी, उभ्यानं चालवायची. पाण्यावर आपटून आपटून तिचा तळ तडकला होता. मालक म्हणाला, "फायबरचे तीन थर चढवा. मी उड्या मारतो हिच्यावर."

आम्ही ती टायरांवर पालथी घातली. मी ग्राइंडर असा चालवला, की जणू तिचं-माझं जुनं वैर होतं. काचेची भुकटी मानेत, पापण्यांत शिरली, अंगाची आग आग झाली. दादा थरांसाठी काचेच्या धाग्यांची मॅट कापत होता. मग मी फडकं घेतलं आणि तळाला मेण घासलं. कूलरची बॉडी साच्यावरून अलगद सुटावी म्हणून आम्ही साच्याला मेण घासतो. पालथी पडलेली ती जेट स्की साच्यासारखीच दिसत होती, आणि वीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला. मला कळलंसुद्धा नाही. त्यावर आम्ही तीन थर चढवले.

दुसऱ्या दिवशी ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज आला. कडेला पटाशी घातली, तर तिन्ही थर एका पत्र्यासारखे सुटून हातात आले. आतली बाजू मेणानं चकचकीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेण आम्ही दोघंही लावायचो, पण ते मी लावलं असेल असं माझ्या मनातही आलं नाही, आणि मी त्याला काही विचारलंच नाही. लाकडी हातोडा त्याच्या खांद्यावर हाणला. तो वाकला, तसा कानाखाली मुठीनं मारला, मग पाठीत लाथ. मोठ्या भावावर हात टाकताना मला जराही लाज वाटली नाही. उलट बरं वाटत होतं.

"माणूस मेला असता ना बे! मेण लावते का कोणी?"

तो भिंतीला टेकून बसला. ओठातून रक्त येत होतं.

"मेण तू लावलं," तो म्हणाला. "मी पाह्यलं."

माझ्या पँटीच्या खिशातून कालचं मेणाचं फडकं बाहेर लोंबत होतं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"मंग तवाच बोलला काऊन नाही?"

त्यानं बाहीनं ओठ पुसला. माझ्या हातातल्या हातोड्याकडे पाहत त्यानं हळूच विचारलं, "आता बोलू?"