भामाबाईंचं फुकटचं तिकीट

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनकडून चौकात आलात की दोरांचं एक जुनं दुकान लागतं. सुतळी, काथ्या, नायलॉनचे दोर, खाटेची नवार, सगळं तिथं मिळतं. मालक मुकुंदराव सोळुंके. वडील उदगीरकडची जमीन भावांकडे सोडून इथं आले, दुकान टाकलं, आणि मुलगा त्याच दुकानात म्हातारा झाला. तिथं गेलात तर दोर घ्या आणि निघा. सरकार हा शब्द काढू नका. काढलात, तर पुढची कामं गेली म्हणून समजा.

"सरकार म्हणजे काय हो?" असं मुकुंदराव विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "माझ्या खिशात हात घालायचा, निम्मं वाटेत सांडायचं, आणि उरलेलं मलाच आणून द्यायचं. वर स्वतःचा फोटो लावून! मी काय लहान लेकरू आहे? माझे पैसे माझ्याकडं राहू द्या. कुणाला द्यायचे ते मी बघतो."

आणि बघायचे ते, खोटं कशाला बोला. दुकानाबाहेर उन्हाळाभर पाण्याचा रांजण भरलेला असायचा. शेजारच्या गोदामातल्या हमालाच्या पोरीची फी भरली, कुणाला कळूसुद्धा दिलं नाही. देताना चार प्रश्न विचारायचे, मार्क किती, अभ्यास करते का, बाप पितो का. पण द्यायचे. रेशनच्या दुकानाची पायरी मात्र जन्मात चढले नाहीत. कर वेळेवर भरायचे आणि भरून आलं की दिवसभर कुणाशी नीट बोलायचे नाहीत.

हा राग आभाळातून पडला नव्हता. मागं रस्ता रुंद करायचा म्हणून दुकानाचा पुढचा भाग पाडला. भरपाईसाठी खेटे घालून घालून माणूस अर्धा झाला. ज्या टेबलापुढं जावं तिथं तेच. कुठं राहता? कशासाठी पाहिजे? कुणाला विचारून बांधलं होतं? अहो, जागा यांची, भिंत यांची, पाडली तुम्ही, आणि वर यांनाच विचारता कुणाला विचारून? पैसे मिळाले शेवटी, पण त्याचं सुख झालं नाही. एकदा घरी आले, चपला काढल्या आणि तिथंच उंबऱ्यात बसले. बायकोला म्हणाले, "भामा, माणसाला एक वेळ नाही म्हणावं. पण असं उभं करून विचारू नये गं." त्या दिवसापासून त्यांच्यातलं काहीतरी थकलं ते थकलंच. आवाज मोठा राहिला, एवढंच.

मग राज्यात बायकांना बसचा प्रवास फुकट झाला. गल्लीतल्या बायका आनंदल्या. मुकुंदरावांचा पारा चढला.

"फुकट म्हणे! डिझेल काय आभाळातून गळतं? कुणाच्या तरी मानेवर पाय देऊनच हे फुकट होतं. आपल्या घरातलं कुणी तसं बसणार नाही. तू तिकीट काढायचं, भामा. सांगून ठेवतो."

भामाबाई मेथी निवडत होत्या. "बरं," म्हणाल्या.

भामाबाईंच्या या 'बरं'वर अख्खा संसार उभा होता. त्यांची धाकटी बहीण रेणू हिमायतनगरला राहते. दर मंगळवारी त्या तिच्याकडे जायच्या. जाताना दुकानात थांबायच्या, मुकुंदराव गल्ल्यातून जाण्यायेण्याचे पैसे काढून हातावर ठेवायचे. "तिकीट काढ हं." "बरं." असं ते दोनेक वर्षं चाललं.

रेणूच्या नातवाचं बारसं निघालं तेव्हा मुकुंदरावांची स्कूटर मेकॅनिककडे पडली होती. रिक्षावाला तोंडाला येईल ते मागत होता. शेवटी दोघं बसमध्ये चढले. भामाबाई पुढं बायकांच्या सीटवर बसल्या, मुकुंदराव दांडा धरून मागं उभे राहिले. कंडक्टर बाई आली. मुकुंदरावांनी नोट पुढं केली.

"दो हिमायतनगर. एक मेरा, एक वो अम्मा का."

"लेडीज को फ्री है ना सार."

"मालूम है. हमको नक्को फ्री. पूरा तिकीट देव."

"कैसा देऊँ सार? आधार दिखाए तो झीरो तिकीटच देना."

"फुकट कुछ नै होता, मा. कोई तो भरता. मैं भरता!"

बस हसायला लागली. एक कॉलेजची पोरगी तर मोबाइल काढून तयारच झाली. कंडक्टर बाईनं वैतागून पुढं पाहिलं, आणि तिचा चेहराच खुलला.

"अरे अम्मा, तुम! ये तुमारे सार हैं? आज गोलकोंडा नै जारे क्या?"

मुकुंदरावांचा नोट धरलेला हात तसाच राहिला. भामाबाईंनी पदर सावरला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. कंडक्टर बाईला आपण काय बोलून बसलो ते कळलं. बिचारीनं गुपचूप पैशाचं एक तिकीट फाडलं, झीरोचं एक, आणि पुढं सरकली.

हिमायतनगरला दोघं उतरले. रेणूचं घर दोन गल्ल्यांवर होतं, पण मुकुंदराव स्टॉपवरच्या बाकावर बसले.

"गोलकोंडा?"

"हो."

"आणखी?"

"गंडिपेटला गेले होते, तळं बघायला. उप्पलला गेले. मागच्या मंगळवारी अफझलगंजला उतरले आणि मूसीच्या पुलावर उभी राहिले. पाणी होतं नदीला."

"रेणूकडे जातेस म्हणून सांगायचीस ना?"

"रेणूकडे जातेच. तासभर बसते. मग पुढची बस धरते."

"एकटी? काय करतेस तिथं जाऊन?"

"काही नाही. बघते आणि परत येते. लग्न होऊन काचीगुड्याला आले तेव्हापासून बरकतपुरा, हिमायतनगर आणि दवाखाना, एवढंच माझं हैदराबाद होतं."

"आणि मी द्यायचो ते पैसे?"

"उसाचा रस पिते. एकदा मिरचीची भजी खाल्ली, तिखट होती."

आता सांगा, अशा बाईवर रागवायचं तरी कसं? मुकुंदराव रागावले नाहीतच. त्यांना लागलं. सगळी दुनिया फुकटाला भुलली तरी आपलं घर भुलणार नाही, या एका गोष्टीवर तर हा माणूस ताठ उभा होता.

"मला म्हणायचं होतंस भामा. मी पैसे दिले नसते का? रिक्षानं पाठवलं असतं."

"दिले असते की. तुमचा हात कधी आखडता होता? पण विचारलं असतं तुम्ही. कुठं चाललीस, कशासाठी, कुणाला विचारून."

समोरून बसेस जात होत्या, हॉर्न वाजत होते. मुकुंदराव म्हणाले, "नवऱ्यानं विचारू नये?"

"विचारावं. चुकलं असं मी कुठं म्हणते? मीच थकले सांगून सांगून. भाजीला मागा, चपलेला मागा, बहिणीकडे जायला मागा. तुम्ही देता, कधी तोंड वाकडं करत नाही. पण दर वेळी गल्ल्यापुढं उभं राहावं लागतं हो. ती बाई काही विचारत नाही."

"आधार मागते ना? तेच ते! तुला कळत नाही भामा, आज आधार बघतात, उद्या..."

"मागते. पण कशाला चाललीस असं म्हणत नाही. उद्या काय करायचं ते उद्या बघू. चला, पाळणा म्हणायला बायका खोळंबल्या असतील."

बारशाला मुकुंदरावांनी दोन घास खाल्ले आणि कोपऱ्यात बसून राहिले. रेणूनं विचारलं, भावजी, तब्येत बरी आहे ना? ते म्हणाले, दमलोय. खरंच दमले होते. इतकी वर्षं ज्या टेबलांपुढं उभं राहून ते थकले, तसलंच एक टेबल आपल्या दुकानात आहे आणि त्याच्या मागं आपणच बसतो, हे एकदा डोक्यात शिरल्यावर निघेना. बरं, ते चुकीचं म्हणून झटकून टाकावं, तर तीन प्रश्न तेच. कुठं, कशासाठी, कुणाला विचारून. हमालाच्या पोरीचीही आठवण झाली. फी घ्यायला यायची तेव्हा मान खाली घालूनच उभी असायची. लाजते, असं त्यांना वाटायचं.

मतं बदलली का? छे. दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाईकानं कसल्याशा पेन्शनचा विषय काढला तेव्हा मुकुंदराव म्हणाले, "घेणाऱ्याचा हात कायम खालीच राहतो हो." पण तेवढ्यावर थांबले. गिऱ्हाईक पुढच्या भाषणाची वाट बघत उभं राहिलं आणि शेवटी सुतळी घेऊन गेलं.

मंगळवार आला. भामाबाई पिशवी घेऊन दुकानापुढं आल्या. सवयीनं मुकुंदरावांचा हात गल्ल्याकडे गेला, सवयीनं तोंड उघडलं. कुठं, हा शब्द अगदी ओठावर होता. तो त्यांनी गिळला. गिळायला जड गेला, दिसत होतं.

"येते," भामाबाई म्हणाल्या. पैशासाठी हात पुढं केला नाही.

चार पावलं गेल्या असतील, मागून आवाज आला. "भामा."

त्या वळल्या. मुकुंदराव दुकानाच्या कापलेल्या पायरीवर उभे होते, चष्मा पुसत.

"मी येऊ का?"

भामाबाई पाहत राहिल्या. एवढ्या वर्षांत या माणसानं त्यांना असं काही विचारलं नव्हतं. नाही म्हणावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि ते मुकुंदरावांना चेहऱ्यावर दिसलं. ते थांबून राहिले. एखाद्या टेबलापुढं थांबावं तसे.

"बरं," त्या म्हणाल्या.

शटर खाली आलं. बसमध्ये तीच कंडक्टर बाई होती. तिनं भामाबाईंचं आधार पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, झीरो तिकीट फाडलं आणि मागं आली. मुकुंदरावांनी खिशातून नोट काढून तयार ठेवली होती.

"सार, किदर का देऊँ?"

मुकुंदरावांनी पुढच्या सीटकडे बोट केलं. "उनको पूछो."

"अम्मा! सार को किदर का तिकीट?"

भामाबाईंनी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. खिडकीतून बाहेर बघत त्यांनी सावकाश विचार केला, जणू त्यांना कसलीच घाई नव्हती.

"आखरी स्टॉप का देव," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांनी पूर्ण पैसे मोजले आणि तिकीट घेतलं. आखरी स्टॉप कुठला, हे त्यांनी विचारलं नाही.