मधल्या नावाचा रकाना

ऑनलाइन अर्जात मी एकदा अशी युक्ती बसवली, की रकाना भरल्याशिवाय कर्सर बाहेरच पडू नये. मिठाईच्या पेटाऱ्यात लपूनही तिथून कुणी निसटणार नाही, अशी बढाई मी तीन तालुक्यांत मारली.

परवा शेजारच्या शोभाताई नेमका तोच अर्ज भरायला माझ्याकडे आल्या. नवऱ्याचं घर सोडलेलं, चाळिशीत नर्सिंगला प्रवेश मिळालेला, आणि वसतिगृहाच्या खोलीसाठी तो शेवटचा दिवस. ‘मधलं नाव’पाशी त्या थांबल्या. पुढे टिचकी मारली, की कर्सर परत तिथेच.

“हा सोडत नाही हो मला. कुणी शिकवलं याला?”

“असतात एकेक नालायक,” मी म्हणालो. “वडिलांचं घाला ना.”

“त्यांनीच तर दिलं मला त्या घरात.”

मला इतका घाम फुटला, की खुर्चीखाली तळं साचलं. बाईच्या नावात मधोमध कुणीतरी पुरुष ठाण मांडून बसतो, ते जुनंच. पण बाहेरून कडी मी घातली होती.

शोभाताईंनी एका बोटाने सावकाश टाइप केलं: शोभा. पहिलं शोभा, मधलंही शोभा. कर्सर गुमान पुढे सरकला.

“हं,” त्या म्हणाल्या, “आता पुढे काय विचारतोय?”