अक्कांच्या माहेरची चढण

गाडीतलं काहीही न कळणारा आणि तरीही उरलेलं आयुष्य गाडीखाली काढायला आनंदानं तयार असलेला आमच्या साडूंसारखा माणूस अख्ख्या कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. सगळी नोकरी सरकारी कचेरीत झालेली. सायकलची घसरलेली साखळी बसवायलाही ज्यांना शिपाई लागायचा, त्यांनी निवृत्त झाल्यावर एक जुनाट, डोंगर चढणारी जीप विकत घेतली आणि ती आपल्या हातानं दुरुस्त करणार असं जाहीर केलं, तेव्हा मी खो खो हसलो. अक्का मात्र हसल्या नाहीत.

जीप मलकापूरच्या एका वखारवाल्याच्या परसात चिंचेखाली पडून होती. आम्ही दोघं टेम्पो घेऊन आणायला गेलो, तर मागच्या सीटखाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. वखारवाला तिची मानगूट धरणार तेवढ्यात साडू कडाडले, "ओ पावणं, हात लावायचा न्हाय! बाळंतीण हाय ती." झालं! टेम्पो रिकामा परत. पिल्लं बाहेर पडून हिंडायला लागली, तेव्हा कुठं जीप कोल्हापुरात आली. टेम्पोवाला अजून मला रस्त्यात भेटला की आधी कोंबडीची चौकशी करतो.

मग अंगणात कारखाना सुरू झाला. विटांवर जीप, जीपखाली पोतं आणि पोत्यावर साडू. बाहेर फक्त पाय दिसायचे, त्यामुळं आल्यागेल्यानं पायांशीच बोलायचं. गल्लीतून रिक्षा गेली की पाय हलायचे आणि आतून हाक यायची, "ओ, थांबा की जरा! ह्यो क्लच कसा खोलायचा?" आपल्या कोल्हापुरात असं विचारल्यावर पुढं जाणारा माणूस जन्माला यायचाय. रिक्षावाला थांबायचा, दूधवाला थांबायचा, चौघं मिळून पाच मतं द्यायचे आणि चहा पिऊन जायचे. बाकीचं शिक्षण मोबाइलवरच्या व्हिडिओतून. त्यातल्या परदेशी मेकॅनिकशी साडू तावातावानं भांडायचे, "अरं बाबा, तुझ्याकडं गाडी उचलायचं यंत्र हाय, माझ्याकडं विटा हायत. तू आपलं विटांचं सांग!" नटबोल्ट ठेवायला अक्कांच्या मसाल्याच्या रिकाम्या बरण्या नेल्या, आणि एकदा परत आणून ठेवताना काय गोंधळ झाला देव जाणे, एका रविवारी तांबड्या रश्श्यात माझ्या दाताखाली वॉशर आला. मी कळवळलो, तर हे गृहस्थ ताटावरून उठून नाचायला लागले. "अवं पावणं, आठवडाभर ह्योच शोधतोय मी!" इंजिन खोलून परत जोडलं की ओंजळभर सामान हमखास उरायचं. साडू ते उन्हाला धरून बघत म्हणायचे, "कंपनीनं जादाच दिलंय बघा."

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर अक्कांच्या माहेरासाठी. त्यांचं माहेर गगनबावड्याच्या पुढं, मोठा रस्ता सोडून डोंगरात वर, चार घरांची वाडी. लग्नात नवरी शालू सावरत ती वाट पायी उतरली होती. खाली रस्त्याला लागल्यावर साडूंनी तिच्या भावाला, दादांना, शब्द दिला, "हिला माझ्या गाडीनं तुमच्या दारात आणून सोडीन." पुढं बदल्या, संसार, आणि गाडी म्हणून नुसती एक स्कूटर. गुडघे धड होते तोवर अक्का दर दिवाळीला चालत वर जायच्या. मग गुडघ्यांनी दगा दिला. दादा एकटेच वर राहत. खाली बोलावलं की म्हणायचे, "म्हशी कुणाच्या गळ्यात बांधू?" भावाबहिणीची भेट नुसती फोनवर. भाड्याच्या जीपनं जाऊ, असं मी कितीदा सांगितलं. साडूंचं एकच, "भाड्याच्या गाडीनं माहेरी न्यायला ती काय पोतं हाय?"

आणि एका दसऱ्याला जीप खरंच सुरू झाली! साडूंनी पूजा केली, नारळ फोडला आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा मनगटाएवढा जाड हार असा गच्च बांधला की आतली जाळी दिसेना. मी मागं चढलो. अक्का इरकल नेसून पुढं बसल्या, पदरात आपट्याची पानं. दादाला आपल्या हातानं सोनं द्यायचं होतं त्यांना. गगनबावड्यापर्यंत जीप गात गेली. पण वाडीची चढण लागली आणि दुसऱ्याच वळणावर पुढून वाफेचा लोट उठला. थंड हवा आत जायला फट म्हणून ठेवली नव्हती त्या हारानं! पाण्याचा पाइप फुटला होता. साडूंनी दोन्ही हातांनी हार ओढून काढला.

आवाज ऐकून दादाच काठी टेकत खाली आले. मागं वाडीतली माणसं. जीपच्या मागच्या बाकावर बहीणभाऊ शेजारी बसले, सोनं दिलं-घेतलं, आणि मग दोघंही रडले. मीही रडलो, लाजायचं काय त्यात! तिथून घराची कौलं दिसत होती. वाडीतली माणसं म्हणाली, "खुर्चीत बसवून उचलून नेतो की वर. किती लांब हाय?" अक्कांनी वर बघितलं, मग चाकापाशी मान खाली घालून बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं. "नको," त्या म्हणाल्या, "ह्यांच्या गाडीनंच येणार. पुढच्या खेपेला." दादा म्हणाले, "व्हय, गाडीनंच ये." वाडीतल्यांनी पाइपला रबराची पट्टी आवळून दिली, पण ती उतार उतरण्यापुरतीच.

आता फजिती नको म्हणून साडूंनी घरी येऊन सगळं इंजिनच पुन्हा खोललं. ते जोडून होईपर्यंत दादा आजारी पडले. मुलानं त्यांना आजऱ्याला आपल्याकडं नेलं आणि ते तिथंच गेले. म्हशी विकल्या, घराला कुलूप लागलं. जीप आता उत्तम चालते, काही उरतसुद्धा नाही. पण वाडीचं नाव साडू काढत नाहीत.

मी एकदा अक्कांना विचारलं, "त्या दिवशी खुर्चीतनं गेला असता तर?"

"घर बघायला मिळालं असतं," त्या म्हणाल्या, "पण ह्यांच्याकडं बघवलं नसतं."

संध्याकाळी अंगणातून हाक येते, "अगं, येतीस न्हवं?" अक्का हातातलं काम टाकून निघतात. रंकाळ्यापर्यंत एक चक्कर असते. कधीमधी मीही मागं बसतो. रंकाळ्यावरून तोच रस्ता पुढं गगनबावड्याला जातो. साडू तळ्यापाशी गाडी वळवतात, आणि ती पुरती वळेपर्यंत अक्का त्या रस्त्याकडं बघत राहतात.