मालूनं टाकीत मीठ टाकलं

डोंबिवलीच्या बाजारात मालूनं जन्मभर मासे कापले, पण एका बोटभर निळ्या माशानं तिला घाम फोडला. मासा तिच्या नव्या सुनेचा, मेघालीचा. टिटवाळ्याला माहेरी जाताना तिनं तो फायटर मासा आणि टाकीतल्या दोन गोगलगायी सासूच्या भरवशावर ठेवल्या. मालूनं ती छोटीशी काचेची टाकी सुनेच्या खोलीतून उचलून बाहेर टीव्हीपाशी आणली. दुसऱ्या दिवशी बघते तर मासा फिका पडलेला, पंख मिटून कोपऱ्यात बसलेला.

"कालवणाला पण पुरायचा नाय गो," नवरा मारुती म्हणाला.

मालूला हसू कुठलं येतंय. खाडीचा मासा खाऱ्या पाण्यात जगतो, म्हणून तिनं मूठभर खडेमीठ टाकीत सोडलं. तशा दोन्ही गोगलगायी शंखात शिरल्या आणि तळाला पडल्या. सून म्हणेल, सासूनं मारलं. तरी तिनं फोन लावून खरं ते सांगितलं.

"आई, गोगलगायींना मीठ सोसत नाही. काल भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी वाडग्यात घेऊन त्यांना त्यात ठेवा. टाकीतलं पण थोडं थोडं बदला," मेघाली म्हणाली. "आणि मासा जागा बदलली म्हणून घाबरलाय. टाकी होती तिथं ठेवा."

मालूनं तसंच केलं. खोलीत गेल्यावर माशानं पंख जरा सोडले. एका गोगलगायीनं शिंगं बाहेर काढली. दुसरी हलेना. मालू वाडग्यापाशी बसून राहिली, जेवायला उठली नाही. मारुतीनंच भात वाढून आणला, आणि तोही शेजारी बसला.