बाबांच्या दाढीचा फेस

कट्ट्यावरच्या मंडळींनो, हे सकाळीच लिहायचं होतं. लाज वाटत होती, म्हणून दुपारपर्यंत ढकललं. आता एकानं मोठ्यानं वाचा, बाकीच्यांनी ऐका.

पाच महिने भटकून मी परवा कोल्हापुरात आलो. दिवाळीत बाबांचा उजवा हात लुळा पडला, हे घरात पाऊल टाकल्यावर कळलं. आज म्हटलं, त्यांची दाढी आपणच करायची.

दाढीच्या साबणाची वडी दगडासारखी. तिच्यावर बंबातलं कढत पाणी ओतलं आणि भिजेपर्यंत म्हणून दारात गेलो. तिथं बेळगावचा ट्रक उभा होता. ड्रायव्हरशी घाटातल्या गप्पा रंगल्या. परत येतो तर वडीचा वरचा थर लगदा झालेला, पाणी गार. ब्रश कितीही घासला तरी नुसते बुडबुडे. तसंच लावून रेझर फिरवला आणि हनुवटीखाली कापलं.

बाबांनी डाव्या हातानं रक्त टिपलं.

"वडीवर पाणी ओतायचं नसतंय. ब्रश भिजवायचा, झटकायचा, मग दमानं फिरवायचा. तुला दम न्हाय."

"शिकतो की."

"ऱ्हाऊ दे. तू नव्हतास तवाबी दाढी हुतच हुती."

कोण करत होतं, ते सांगेनात. अर्धी दाढी घेऊन तसेच बसलेत. तुमच्यावाचून तुमच्या घरात काय काय चालतं, कधी विचारलंय तुम्ही?

आत्ताच कडी वाजली. सामाईक भिंतीच्या भांडणापायी दहा वर्षं आमच्याशी न बोललेले शेजारचे अण्णा दारात उभे आहेत, हातात स्वतःचा ब्रश. मला म्हणाले, "पावणं, जरा बाजूला व्हा."